दुप्पट मापाचा बोर्ड

लिफ्ट बंद पडली त्या दिवशी रेघाताईंनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. ती लिफ्ट मुळात रडतखडतच चालायची. अधूनमधून रुसायची, मग लिफ्टवाला येऊन काहीतरी खुडबुड करून जायचा, की पुन्हा वर-खाली सुरू. पण या वेळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी झिरपत मशीनच्या खोलीत शिरलं आणि तिथल्या पेटीतलं एक कार्ड जळलं. लिफ्टवाल्याने ते काळवंडलेलं कार्ड मेलेला उंदीर धरावा तसं चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं. असलं कार्ड आता कुणी बनवत नाही, म्हणाला. अख्खी पेटीच नवी घ्या. खालच्या मजल्यांवरच्या लोकांनी माना हलवल्या आणि ते आपापल्या घरी गेले. त्यांचं काय अडत होतं?

रेघाताईंचं घर सगळ्यात वर. आणि त्या घरात मीटरकाका.

मीटरकाका म्हणजे त्यांचे यजमान. जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचत हिंडलेला माणूस. कुठल्या इमारतीत मीटर जिन्याखाली आहे, कुठे कोळशाच्या खोलीत, कुठे कुत्र्याच्या तोंडासमोर, हे त्यांना झोपेतही सांगता यायचं. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ते जोडलं, पण जिना चढायचे पाय गेले ते गेलेच. सपाटीवर काठी टेकत चालत, पण जिना दिसला की गुडघे लटपटत. शेजारच्यांनी सुचवलं, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. तर म्हणाले, मी काय कपाट आहे का.

लिफ्ट गेल्यापासून ते खिडकीशी बसून असत, आणि सकाळी डोळा उघडला की त्यांचं सुरू होई. अगं, दूधवाला आज उशिरा आला. अगं, समोरच्यांनी पडदे बदलले. अगं, माझा चष्मा. चष्मा कपाळावर असे. माणूस वाईट नव्हता, हात उगारणारा नव्हता, जेवणाला नावं ठेवणारा तर नव्हताच. फक्त त्याचं सगळं शहर आता या दोन खोल्यांत मावायला आलं होतं, आणि त्या खोल्यांत रेघाताई आधीपासून राहत होत्या.

सगळ्यांना वाटे, बिचारीला नवऱ्याला बाहेरची हवा दाखवायची आहे. ते खोटं नव्हतं. पण रेघाताईंना आणखी एक गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. त्यांना एक दुपार हवी होती. घरात कुणी नाही, कुणी हाक मारत नाही, अशी एक रिकामी दुपार. खूप दिवसांत त्यांनी विचारसुद्धा पुरता केला नव्हता. अर्ध्यात ‘अगं’ यायचं.

त्यांनी लिफ्टवाल्याला जिन्यात गाठलं आणि ते जळकं कार्ड मागून घेतलं.

रेघाताई हे नाव त्यांना कारखान्यात मिळालं. तिथे रेडिओ व्हायचे, वजनकाटे व्हायचे, पुढे पुढे टेलिफोनही. त्यांच्या पोटात जी सर्किटची पाटी असते, तिचे नकाशे काढायचं काम रेघाताईंच्या खात्यात होतं. त्या काळी हे सगळं हाताने चाले. लांबलचक खोली, ओळीने काचेची टेबलं, काचेखाली दिवे. पारदर्शक कागदावर काळी चिकटपट्टी लावत जायचं, केसासारखी बारीक पट्टी, आणि वळणावर ती नखाने दाबून बसवायची. एक रेघ दुसरीला कुठेही शिवता कामा नये. सगळ्या मुली खाली मान घालून उजेडावर वाकलेल्या, चेहऱ्यांवर खालून प्रकाश. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलं की ऊनसुद्धा मंद वाटायचं. तिथल्या मुलींचं हसणं रेघाताईंना अजून कानात ऐकू येई. आता त्यातल्या निम्म्या आहेत की नाहीत, कोण जाणे. पुढे संगणक आले, काचेची टेबलं भंगारात गेली, आणि मग कारखानाच गेला.

धाकट्या दिरालाही रेघाताईंनीच तिथे चिकटवलं होतं. भाऊजी होते एचिंगच्या खात्यात. पाटीवर तांब्याचा पातळ थर असतो. त्यावर नकाशा छापायचा आणि ती पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायची. जिथे काळं आहे तिथलं तांबं राहतं, बाकीचं ते पाणी खाऊन टाकतं. भाऊजींची बोटं त्या पाण्याने कायमची पिवळी पडली होती. लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांनी आधी विड्यांचं विचारलं होतं.

रेघाताईंनी निरोप धाडला, तसे भाऊजी जिना चढून आले. आधी बराच वेळ धापा टाकत बसले. मग कार्ड हातात घेऊन उजेडात धरलं, उलटलं, नखाने खरवडलं.

“रेघा एकाच बाजूला आहेत,” ते म्हणाले. “करता येईल. पण वहिनी, आपल्याकडे टाकी नाही, पंप नाही, कॅमेरा नाही. आपल्याकडे आपण दोघं म्हातारी आहोत.”

“मी तिसरा,” खिडकीतून आवाज आला.

“तू देखरेखीला, दादा.”

लिफ्टवाल्याला विचारलं तेव्हा तो आधी हसला, मग गंभीर झाला. ब्रेक, दाराचं कुलूप, हे सगळं वेगळ्या पेटीत आहे, म्हणाला. हे कार्ड फक्त बटणांचं ऐकतं, कुणी कुठल्या मजल्यावर बोलावलंय तेवढंच. तुम्ही हुबेहूब करून दिलंत तर मी आधी तपासेन, पटलं तर बसवेन, नाही पटलं तर तुम्ही रागवायचं नाही. रेघाताईंनी मान डोलावली. रागवायला लागणारी ताकद त्यांच्याकडे तशीही नव्हती.

मग कामाची वाटणी झाली. नकाशा रेघाताई काढणार, टाकी भाऊजी बनवणार. विकतची यंत्रं परवडणारी नव्हतीच, आणि भाऊजींना ती बघायचीही नव्हती. त्यांचं म्हणणं, फेरिकला लागतं काय? काच किंवा प्लास्टिक, थोडी ऊब, आणि पाणी सतत हलतं ठेवायला बुडबुडे. धातू मात्र जवळपास फिरकता कामा नये, एक खिळासुद्धा नको. त्यांनी भंगारातून जुन्या खिडकीच्या काचा आणल्या. त्यांची अरुंद, उभी टाकी करायची, पुस्तक उभं ठेवावं तशी. म्हणजे पाटी उभी सोडता येते आणि पाणी कमी लागतं. कडा सिलिकॉनने सांधायच्या. तळाशी प्लास्टिकची नळी, तिला सुईने भोकं पाडलेली, आणि ती जोडायची मासे पाळणाऱ्यांकडे असतो तसल्या हवेच्या पंपाला. पंप पाण्याच्या वर ठेवायचा, असं त्यांनी दोनदा बजावलं. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं चढतं आणि पंपाचा जीव जातो. ऊब द्यायलाही माशांच्याच टाकीतली, विजेवर तापणारी काचेची कांडी.

“म्हणजे सगळं माशांचं,” मीटरकाका म्हणाले. “नुसते मासे तेवढे नाहीत.”

टाकी केवढी करू, हे भाऊजींनी वहिनींना विचारलं. रेघाताईंनी टेबलावरून न उठता माप सांगितलं आणि भाऊजींनी ते हातावर लिहून घेतलं. वहिनींनी माप सांगितलं की त्यावर पुन्हा विचारायचं नाही, ही कारखान्यातली सवय.

नकाशाचं काम मात्र रेटत रेटत चाललं. तसली काळी पट्टी आता मिळत नाही. सजावटीच्या दुकानात एक चिकटपट्टी मिळाली, ती ब्लेडने उभी चिरून बारीक करायची. काचेचं टेबल नव्हतं, म्हणून दोन खुर्च्यांवर शोकेसची काच टाकली आणि खाली टेबललॅम्प आडवा ठेवला. जळक्या कार्डाची एक-एक रेघ भिंगातून बघायची, मोजपट्टीने मोजायची, पारदर्शक कागदावर उतरवायची. बोटं पूर्वीसारखी राहिली नव्हती. पट्टी वळणावर बसवताना अंगठा थरथरे, आणि बसलेली रेघ उचकटून पुन्हा लावावी लागे. तेवढ्यात ‘अगं’. उठायचं, पाणी द्यायचं, परत वाकायचं. मान अशी धरे की रात्री कुशीवर वळता येत नसे.

पण कधीकधी, मीटरकाकांचा डोळा लागला असताना, पट्टी एकसंध बसत जाई आणि रेघाताईंना आपण कुठे आहोत ते विसरायला होई. खालून उजेड, हातात ब्लेड. शेजारच्या टेबलावरून आत्ता कुणीतरी कैरीचा तुकडा सरकवेल असं वाटे. मग घोरणं थांबे आणि त्या ताठ होऊन वाट बघत. हाक येईच.

अखेर नकाशा झाला. एकही रेघ दुसरीला शिवत नव्हती. टाकीही झाली. भाऊजींनी ती गाठोड्यात बांधून, दर जिन्याला टेकत टेकत वर आणली आणि गॅलरीत उभी केली. पाणी भरून पाहिली. एक थेंब गळला नाही. भाऊजींचा चेहरा फुलला. मग ते पाणी काढून टाकून त्यांनी बादलीत फेरिक कालवलं, गंजाच्या रंगाचं, नाकाला झोंबणारं, आणि नाकाला रुमाल बांधून ते टाकीत ओतलं. ओतून झालं, तर ते टाकीच्या पोटऱ्यांपर्यंतच आलं.

भाऊजी बघत राहिले. इतकं पाणी पुरायला हवं होतं. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलेलं. त्यांनी आत येऊन नव्या कोऱ्या पाटीचा तुकडा उचलला. तो त्यांनी जळक्या कार्डाच्या मापाने कापून आणला होता. नकाशावर ठेवला. नकाशाच्या मधोमध तो तुकडा अंगणात चौरंग मांडावा तसा दिसला.

“वहिनी,” ते हळू म्हणाले, “हे लिफ्टचं कार्ड आहे ना? की विमानाचं?”

रेघाताईंनी पाहिलं. जळकं कार्ड पाहिलं, नकाशा पाहिला, आणि कार्ड उचलून नकाशावर ठेवलं.

त्यांनी सगळंच्या सगळं दुप्पट काढलं होतं. कारखान्यात नकाशा नेहमी दुप्पट मापाने काढायचा असे. मग तो कॅमेऱ्याच्या खोलीत जाई, तिथे त्याचा निम्मा फोटो निघे, आणि तो फोटो भाऊजींच्या खात्यात. म्हणून रेघाताईंची नजर कार्डावर एक माप घेई आणि हात कागदावर त्याच्या दुप्पट मांडी, मध्ये डोकं लागतच नसे. त्यांनी जन्मात कधी कुठली गोष्ट जशी आहे तेवढी काढलीच नव्हती. टाकीचं मापही त्यांनी नकाशावरूनच सांगितलं होतं. आणि भाऊजींनी विचारलं नव्हतं, कारण त्यांच्यापर्यंत कधी नकाशा आलाच नव्हता, आला तो फोटो.

त्या खाली जमिनीवर बसल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की माझ्याच्याने आता पुन्हा होणार नाही. आवाज अगदी सपाट होता.

खिडकीतून मात्र खुसखुस ऐकू आली. मीटरकाका हसत होते. आधी दाबून, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत. म्हणजे एवढी मोठी टाकी, म्हणाले, माझी अंघोळ होईल तिच्यात. एवढे दिवस ही बाई लिफ्ट काढतेय आणि काढला तिने अख्खा जिना. हाड मोडल्यापासून ते असे हसले नव्हते. रेघाताईंना इतका संताप आला की त्यांनी हातातली पट्टीची गुंडाळी भिरकावली. ती पलंगाखाली गेली, आणि मग ती काढायलाही त्यांनाच वाकावं लागलं.

भाऊजी मात्र नकाशा गुंडाळत होते. त्यांना एवढंच कळलं होतं की दुप्पट आहे ना, मग निम्मं करायचं. कॅमेरा नाही, पण कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे. शिवाय झेरॉक्सची शाई म्हणजे काळी प्लास्टिकची भुकटीच की. नकाशा उलटा ठेवून गुळगुळीत कागदावर आरशात दिसावी तशी प्रत काढली, तो कागद तांब्यावर पालथा घातला आणि वरून कडक इस्त्री फिरवली, तर ती भुकटी वितळून तांब्याला चिकटते आणि फेरिकला दाद देत नाही. हे त्यांना एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने शिकवलं होतं.

झेरॉक्सवाल्याने विचारलं, काय आहे हे, विणकाम? भाऊजींनी हो म्हटलं. पहिली प्रत एक केसभर लहान आली. कार्डाचे खाचेत बसणारे दात जळक्या कार्डाच्या दातांवर ठेवले तर टोकाला जाऊन चुकत होते. झेरॉक्सवाला वैतागला, भाऊजी हटले नाहीत. एकेक आकडा वाढवत प्रती काढल्या आणि शेवटी दातावर दात बसला. दुपटीचं निम्मं करताना रेघाताईंच्या थरथरत्या अंगठ्याचे सगळे कंपही निम्मे झाले होते. रेघा कोरीव दिसत होत्या. भाऊजींनी तसं सांगितलं. रेघाताई म्हणाल्या, असू दे.

टाकी मोठी ती मोठीच राहिली. भाऊजींनी काचेच्या रिकाम्या बरण्यांत वाळू भरली, प्लास्टिकची झाकणं घट्ट लावली आणि त्या टाकीत दोन्ही बाजूंना सोडल्या. तसं पाणी वर चढत चढत मधल्या जागेत पुरेसं आलं. इस्त्री रेघाताईंनी फिरवली, कारण त्यात भाऊजींच्या हाताचा भरवसा नव्हता. मग कागद पाण्यात भिजवून बोटाने हळूहळू चोळून काढला. तांब्यावर काळ्या रेघा उरल्या.

पाटी प्लास्टिकच्या दोरीने टाकीत सोडली. पंप घरघरायला लागला. बुडबुडे पाटीला घासून वर येऊ लागले. मीटरकाकांनी हट्ट धरला, मला बघायचंय. मग त्यांची खुर्ची गॅलरीच्या दारात ओढली. तिघंही टाकीकडे बघत बसली. त्या गढूळ पाण्यातून फारसं काही दिसत नव्हतं. भाऊजी मधेच दोरी उचलत, पाटी उजेडात धरत आणि परत सोडत. आधी कडांचं तांबं गुलाबी झालं, मग खरबरीत, मग काठाकडून विरायला लागलं, आणि मागची फिकट पाटी दिसू लागली. इतक्या वेळात एकदाही ‘अगं’ आलं नाही.

“झालं,” भाऊजी म्हणाले.

वापरलेलं पाणी त्यांनी मोरीत ओतू दिलं नाही. नळ खाऊन टाकेल, म्हणाले, आणि खाली कुणाच्या तरी डोक्यावर जाईल. ते सगळं कॅनमध्ये भरलं.

भोकं पाडणं, जुने भाग उतरवून नव्यावर कथलाचे डाग देणं यात आणखी दिवस गेले. डाग देताना रेघाताईंना दोन चष्मे एकावर एक लावावे लागत. लिफ्टवाल्याने कार्ड नेलं, आपल्याकडे तपासलं, आणि येऊन बसवलं. जाताना एवढंच म्हणाला की पेटीत आता तेवढंच एक स्वच्छ आहे.

लिफ्ट सुरू झाली त्या दुपारी भाऊजी न्यायला आले. रेघाताईंनी मीटरकाकांना धुतलेला सदरा घातला, बूट घातले, नाड्या बांधल्या. सगळे लिफ्टच्या दारापर्यंत आले. दार उघडं. भाऊजी आत गेले. मीटरकाका उंबऱ्याशी थांबले.

“तू पण चल,” ते म्हणाले.

भाऊजी आहेत ना, रेघाताई म्हणाल्या. भाऊजींनीही तेच म्हटलं. मीटरकाका हलेनात. रस्त्यावर गर्दी असते, म्हणाले, याला माझ्या डाव्या पायाचं कळत नाही, तू कशी बगलेत हात घालतेस ते याला जमत नाही. आणि एकटी घरात करणार काय तू? चल. थोडं फिरून येऊ तिघं.

रेघाताईंना दिसत होतं, आता हो म्हटलं की झालं. आज गेलं की उद्याही जायचं. घरातलं ‘अगं’ रस्त्यावर येईल, एवढाच फरक. इतके दिवस मान मोडून त्यांनी हेच का काढलं होतं? त्यांना ओरडायचं नव्हतं. ओरडण्याइतका जीव उरलाच नव्हता.

“मला यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मला घरात एकटीला राहायचंय. त्यासाठीच केलं मी हे सगळं. तुम्ही बाहेर जावं, आणि मी आत राहावं.”

भाऊजी लिफ्टमधल्या बटणांकडे बघायला लागले. मीटरकाकांचा चेहरा आधी काही न कळल्यासारखा होता, मग कळल्यासारखा झाला. जन्मभर लोकांनी त्यांना दारातून लवकर काढता यावं म्हणून मीटरच्या खोलीचं कुलूप आधीच उघडून ठेवलं होतं; त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. पण आपल्याच दारात हे पहिल्यांदा होत होतं.

“बरं,” ते म्हणाले. काठी पुढे टेकली, डावा पाय सांभाळून उचलला आणि आत गेले. वळून तोंड बाहेर करायला त्यांना वेळ लागला. वळेपर्यंत दार लागलं होतं.

रेघाताई घरात आल्या आणि दार नुसतं लोटून घेतलं. काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं. ओट्यावर भांडी होती, ती तशीच राहू दिली. खिडकीतल्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. भिंतीशी चटईवर आडव्या झाल्या. बोललं ते बरोबर की चूक, हे त्यांना ठरवायचं होतं, आणि आज मध्ये कुणी येणार नव्हतं.

तेवढ्यात लिफ्ट वर आल्याचा आवाज झाला. त्या उठून बसल्या. पण पावलं शेजारच्या दाराकडे गेली. पुन्हा पडल्या, तर पुन्हा लिफ्ट आली. कुणीतरी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं. इतके दिवस जिन्याने धापा टाकणारी सगळी इमारत आता हौसेने वर-खाली करत होती. दर वेळी त्या अंग आवळून हाकेची वाट बघत, आणि हाक येत नसे. मग त्यांनी उठून बसणं सोडलं, नुसती मान उचलू लागल्या. मग तीही उचलेनाशा झाल्या. विचार कुठवर आला होता ते त्यांना आठवेना, आणि त्याचं काही वाटलंही नाही.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. मीटरकाका खुर्चीत बसले होते. कधी आले, भाऊजी कधी गेले, काही कळलं नव्हतं. पायांत बूट तसेच होते. खाली वाकून नाड्या सोडणं त्यांना जमत नसे, आणि दिवाही त्यांनी लावला नव्हता. काठी तेवढी मांडीवर आडवी घेतली होती.

रेघाताई भिंतीला धरून उठल्या. त्यांच्या पायांशी बसून नाड्या सोडायला लागल्या. बुटांना रस्त्याची धूळ होती.

“फार वेळ झाला का येऊन?” त्यांनी विचारलं.

“झाला थोडा.” मग ते म्हणाले, “उद्याही जाईन म्हणतो. याच सुमाराला.”

“जा,” रेघाताई म्हणाल्या, आणि दुसरा बूट ओढून काढला.